कन्या एक

शालन ठाणेकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली तेव्हा तिच्या कानाला एकतीस वर्षांची सवय लागलेली होती. ट्रंक कॉल जोडायचा, दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय ना एवढं बघायचं आणि बाजूला व्हायचं, असा खात्याचा नियम होता. यातलं शेवटचं कलम शालन जरा सैलपणे पाळायची. बाजूला व्हायची, पण फार लांब जायची नाही. त्यामुळे नौपाड्यातल्या किती घरांतली लग्नं कशी जमली आणि किती घरांतली कशी मोडली हे तिला ठाऊक होतं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यापेक्षा ठाऊक असण्यातच तिला मजा वाटायची.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर घरात बसून तिला इतका कंटाळा आला होता, की १९९१च्या जानेवारीत तिचा चुलतभाऊ दामाजी तांडेल काखेत फाइल घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तिने खरोखर मनापासून त्याला आत घेतलं.

दामाजी पासष्ट वर्षांचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यात, जिथे शालनचंही माहेर, तिथे अजून राहणारा. जकात नाक्यावरून हेडक्लार्क म्हणून सुटला होता, पण समोरचा माणूस म्हणजे अडवलेला ट्रक आहे अशा नजरेने बघण्याची सवय सुटली नव्हती.

“आपण कुलवृत्तांत काढतोय,” तो खुर्चीत बसत म्हणाला. “सगळ्या तांडेलांचा. मूळ पुरुषापासून आजपर्यंत. माझ्या शेजाऱ्यांच्या कुळाचा बघितला मी, कापडी बांधणीचा. अकरा पिढ्या छापल्यात. आणि आपण गप्प. आपल्या नाथाने तीन गलबतं घेऊन समुद्र गाजवला, आणि आपल्याकडे त्याच्या नावाचा एक कागद नाही.”

नाथा म्हणजे दोघांचे खापरपणजोबा. तो आरमारात सरदार होता, त्याच्याकडे चांदीच्या मुठीची तलवार होती, हे शालनने लहानपणापासून ऐकलं होतं. तलवार कुणी पाहिली नव्हती. ती कुठे गेली असं विचारलं की प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवायचं.

“मुखपृष्ठ तयार आहे,” दामाजी म्हणाला. “पेंटरकडून करून घेतलं. गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, नाथा उभा, एक पाय वर, हात असा पुढे. आता फक्त आतलं लिहायचं राहिलंय. ते तू शोध.”

“मी?”

“तुझ्या ओळखी आहेत, तुला लोकांशी बोलता येतं. आमच्या समितीत पाच जण आहेत, पण एकालाही धड पत्र लिहिता येत नाही.”

त्याने फाइलमधून सायक्लोस्टाइल केलेले नियम काढून दिले. शालनने चष्मा लावला. सातव्या नियमावर तिचं बोट थांबलं. ‘कुळातील पुरुषांची नावे, जन्मसाल व व्यवसाय द्यावा. मुली परकुळात जात असल्याने त्यांची नावे देऊ नयेत. “कन्या” असे लिहून फक्त संख्या द्यावी. त्यांच्या संततीचा उल्लेख करू नये.’

“म्हणजे मी कोण?”

“तू काकांच्या नावापुढे. कन्या एक.” दामाजीने चहाचा घोट घेतला. “वाईट वाटून घेऊ नकोस. ठाणेकरांनी कुलवृत्तांत काढला की तू त्यात येशीलच की.”

ठाणेकरांत उरलेले दोघे दीर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते काय कुलवृत्तांत काढणार. पण शालन एवढंच म्हणाली, “बरं.”

दामाजी तिला जन्मापासून ओळखत होता. शालन वाद न घालता ‘बरं’ म्हणाली, यावर त्याने थोडा विचार करायला हवा होता. तो बिस्कीट संपवून निघून गेला.

शोध घ्यायचा म्हणजे कुठून सुरुवात करायची हे शालनला माहीत नव्हतं, पण कुणाला विचारायचं हे शोधणं म्हणजे तिच्या हातचा मळ होता. चार फोन केले आणि तिला डोंबिवलीचा पत्ता मिळाला. तिथे पूर्वेला एका क्लासच्या खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, आपापल्या घराण्याच्या वंशावळी शोधणारी माणसं जमत. नाव नाही, पावती नाही, अध्यक्ष नाही. पाचवीच्या मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून दहाबारा म्हातारे बसलेले, प्रत्येकाजवळ गुंडाळलेला लांबलचक कागद, आणि फळ्यावर कोणत्या तरी मुलाने सोडवलेलं त्रैराशिक.

कलावतीबाई या सगळ्यांच्या न नेमलेल्या प्रमुख. निवृत्त मुख्याध्यापिका, मोडी वाचण्यात पटाईत, आणि पुराव्याच्या बाबतीत निष्ठुर. मागच्याच बैठकीत त्यांनी धोंडीबांच्या वंशावळीतले दोन पूर्वज लाल पेन्सिलीने खोडले होते. धोंडीबा मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचं दुःख ताजं होतं.

“माझं दोन आजं खाल्लं बाईंनी,” त्यांनी शालनला बसायला जागा करून देत सांगितलं. “अकरा पिढ्या व्हत्या, नऊ ऱ्हायल्या.”

“तुमच्याकडे कागद होता का?” कलावतीबाईंनी फळ्याजवळून विचारलं.

“कागद न्हवता, पण माणसं असणारच की. मधल्या काळात काय कुणी जन्मलं न्हाय व्हय?”

“जन्मले असतील. पण त्यांची नावं तुम्ही ठेवलीत.”

शालनला तिथे पहिल्या दहा मिनिटांतच घरी आल्यासारखं वाटलं. तिने आपली कथा सांगितली: नाथा, गलबतं, तलवार, मुखपृष्ठावरचा वर उचललेला पाय. सातव्या नियमाबद्दलही सांगितलं. खोलीतल्या तीन बायका एकदम तिच्याकडे वळल्या.

“आधी जिवंत माणसांना इचारा,” धोंडीबा म्हणाले. “दप्तरं कुटं पळून जात न्हाईत. तुमच्यात सगळ्यात थोरलं कोण ऱ्हायलंय?”

मनुबाई राहिली होती. शालनच्या वडिलांची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, लेकीकडे मोहन्याला असायची. कोळीवाड्यात ती धवलारीण म्हणून प्रसिद्ध होती. लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. ती धवळे गाते आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते. दामाजीच्या समितीतल्या कुणालाही तिच्याकडे जावंसं वाटलं नव्हतं. ती बाई, शिवाय कमी ऐकू येणारी.

धोंडीबांचं घर तिथून जवळच, म्हणून तेही आले. मनुबाई ओट्यावर पाय पसरून सोडे निवडत बसली होती.

“आयलीस?” ती म्हणाली. “आनि यो कोन?”

“मंडळातले आहेत, आते. वंशावळ शोधतात.”

“हरवली काय त्यांची?”

“दोन पिढ्या,” धोंडीबा गंभीरपणे म्हणाले.

शालनने तिच्या कानाशी तोंड नेऊन नाथाबद्दल विचारलं. मनुबाईने सोडे बाजूला सारले, पदर सावरला आणि उत्तर द्यायच्या ऐवजी ती सरळ गायला लागली. आवाज चिरका झाला होता, पण नावं स्पष्ट होती. पूर्वजांना एकेकाला पाट मांडून बसवायचं ते गाणं. पहिला पाट हिराला. दुसरा नाथाला. तिसरा कान्हाला. शालनने हे गाणं माहेरच्या प्रत्येक लग्नात ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे तेव्हा ती कुणाची तरी साडी बघत असायची. हिरा हे नाव आज पहिल्यांदा तिच्या कानात शिरलं.

“आते, पहिला पाट बाईला कसा?”

“घर तिचा, मंग पयली तीच बसनार.” मनुबाईला हा प्रश्नच वेडगळ वाटला. “होडी तिच्या बापाची, जाला तिच्या बापाची. बापाला पोरगा नव्हता. मंग नाथाला आनला.”

“आणला कुठून?”

“वरशी. खडवलीशी. तो नदीवर वांगी लावायचा. बाजाराला आला नि हिच्या नजरंला पडला.” मनुबाई हसली तेव्हा तिच्या तोंडात एकच दात दिसला. “माजी आजी सांगायची. ती हिराची सून. बोलायची, सासरा लय देखना, पन होडीत पाय ठेवला का ओकायचा. जल्मभर काठावर बसून जाली विनली त्याने. होडी हिरा न्यायची.”

शालनला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. तीन गलबतांचा सरदार डोळ्यांपुढे काठावर बसून वांग्यांच्या टोपलीला टेकला होता.

“आन तलवार?” धोंडीबांनी विचारलं.

“कोयता व्हता,” मनुबाई म्हणाली.

पुढच्या बैठकीत शालनने हे मंडळात सांगितलं तेव्हा सगळे बाकांत डुलून हसले, एकट्या कलावतीबाई सोडून.

“गाणं चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी याला पुरावा म्हणणार नाही. आजीने सांगितलं, तिच्या सासूने सांगितलं. सरदारही असाच कुणीतरी सांगितलेला आहे. नाशिकला जाऊ या.”

नाशिकला पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोपड्या असतात. गाव आणि कूळ सांगितलं की ते चोपडी काढतात. तुमच्या घरचा कोण, कधी, कुणाचे दिवस करायला गोदावरीवर आला होता, त्याने तेव्हा आपल्या माणसांची कोणती नावं सांगितली, सगळं त्यात मोडीत लिहिलेलं. तिघे ठाण्याहून सकाळच्या एस.टी.ने निघाले. धोंडीबांचं तिथे काही काम नव्हतं, पण खोडलेले दोन आजे कुठे सापडतात का, ही आशा त्यांना सोडवत नव्हती.

उपाध्यायांनी लाल कापडात बांधलेल्या चार चोपड्या खाली उतरवल्या. कलावतीबाईंनी बैठक मारली, भिंग काढलं. तासभर त्यांच्या तोंडून फक्त “हं” निघत होतं. मग एका पानाशी त्या थांबल्या, दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला.

“शालनताई, तुमच्या दामाजींना रक्तदाबाचा त्रास आहे का?”

“नाही. का?”

त्या बोट ठेवून वाचू लागल्या. “शके सतराशे अडुसष्ट. नाथा बिन काळू, मूळ राहणार मौजे खडवली, हल्ली वस्ती ठाणे, कोळीवाडा. सासरे धर्मा बिन पोसू तांडेल यांच्या अस्थी घेऊन आले. धर्मा यांस पुत्र नाही, कन्या हिरा एक. सबब नाथा यांस घरजावई घेतले. पुढे तांडेल नाव लावणार. पुत्र कान्हा, वय वर्ष एक.”

शालनने ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. म्हाताऱ्या आत्याचं गाणं आणि कुण्या अनोळखी माणसाने दीडशे वर्षांपूर्वी बोरूने काढलेली ओळ, दोन्ही एकाच जागी येऊन मिळाली होती. ट्रंक लाइनवर तासभर खरखर चालावी आणि अचानक पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू यावा, तसं झालं.

त्यानंतर तिला सातवा नियम आठवला.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली.

कलावतीबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. “शालनताई, इतिहासात लबाडी नको हं.”

“लबाडी कसली? मी तर नियम पाळणार आहे. अक्षरशः.”

उपाध्यायांनी नोंदीची नक्कल सही करून दिली. धोंडीबांना त्यांचे आजे सापडले नाहीत, म्हणून परतीच्या वाटेवर दोघींनी मिळून त्यांना मिसळ खाऊ घातली.

मार्चमध्ये कोळीवाड्यातल्या देवळाच्या सभामंडपात समितीची बैठक भरली. हस्तलिखित येणार म्हणून पन्नासेक माणसं जमली होती. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांच्या पलीकडे. मधोमध टेबलावर मुखपृष्ठाचं चित्र उभं करून ठेवलेलं. पेंटरने नाथाला दामाजीचं नाक दिलं होतं. शालनबरोबर आलेल्या कलावतीबाई आणि धोंडीबा यांना दामाजीने ‘डोंबिवलीचे इतिहासतज्ज्ञ’ म्हणून पुढे बसवलं.

दामाजीचं भाषण संपत आलं तेव्हा त्याची स्वतःची मुलगी, कल्याणला बँकेत नोकरी करणारी सरस्वती, उठून उभी राहिली.

“बाबा, मुलींची नावं का नाहीत? आम्ही काय आकडे आहोत?”

बायकांत कुजबुज झाली. दामाजीच्या कपाळावर आठी चढली. तेवढ्यात शालन उठली.

“नियम म्हणजे नियम, सरस्वती,” ती म्हणाली. “दादाने आणि समितीने विचार करूनच केला असेल. आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या आणखी कुणासाठी मोडायला लागेल.”

दामाजीने बहिणीकडे असं कौतुकाने बघितलं की शालनला क्षणभर जड वाटलं. पण क्षणभरच. “उलट मी म्हणते,” ती पुढे म्हणाली, “पुन्हा कुणी शंका काढायला नको. सातवा नियम कायम, कुणालाही अपवाद नाही, असं आत्ताच लिहून पाचही जणांनी सह्या करा. मग मी हस्तलिखित देते.”

सह्या झाल्या. दामाजीने सगळ्यात मोठी केली. सरस्वती रागाने आत्याकडे बघत खाली बसली. कलावतीबाई देवळाच्या छताकडे बघत होत्या.

शालनने पिशवीतून हस्तलिखित काढून भावाच्या हातात दिलं. तो एक कागद होता. दामाजीने तो उलटून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं.

“बाकीचं कुठाय?”

“एवढंच आहे. वाच ना मोठ्याने.”

दामाजी वाचू लागला. “तांडेल कुलवृत्तांत. पहिली पिढी, पोसू तांडेल. दुसरी पिढी, पोसूचा मुलगा धर्मा तांडेल. संतती, कन्या एक.” तो थांबला. “समाप्त. समाप्त म्हणजे?”

“धर्माला मुलगा नव्हता. मुलगी परकुळात जाते, तिच्या संततीचा उल्लेख करायचा नाही. तिथेच कूळ संपलं.”

“आणि नाथा?”

“नाथा तांडेल नव्हताच, दादा. त्या मुलीचा नवरा. खडवलीचा, वांगीवाला. घरजावई म्हणून आला आणि सासऱ्याचं नाव लावलं.”

“मग आम्ही कोण?” सतरंजीवरून एका म्हाताऱ्याने विचारलं.

“तुम्ही त्या कन्येची संतती,” शालन म्हणाली. “तुमचा उल्लेख करता येत नाही.”

सभामंडपात सगळे एकाच वेळी बोलायला लागले. दामाजी म्हणाला कागद खोटा आहे. कलावतीबाई उठल्या, शाळेत वर्ग गप्प करावा तशा नुसत्या उभ्या राहिल्या, आणि गोंगाट थांबल्यावर नाशिकच्या नोंदीची नक्कल ठणठणीत आवाजात वाचली. तारीख, नाव, गाव, सही.

“कुणी डोंबिवलीच्या बाईने वाचून दाखवायचं आणि आम्ही मानायचं?” दामाजी म्हणाला. “आमच्या घरात हिरा नावाची बाई कधी ऐकली नाही.”

“तुम्ही नसेल ऐकली,” खांबापलीकडून आवाज आला. दामाजीची बायको मंजुळा उठली होती. तिला चारचौघांत बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. “पहिला पाट हिराचाच असतो. आपल्या लग्नात मांडला होता. मी नवी नवरी, मी ऐकलं. तुम्ही तेव्हा फेटा सारखा करत होता.”

बायकांत हसण्याची जी लाट उठली ती थेट पायऱ्यांपर्यंत गेली. कुणीतरी खांबाआडून मनुबाईचं गाणं म्हणायला सुरुवात केली आणि चारसहा जणींनी उचलून धरलं. पहिला पाट हिराला. दामाजी कागदाची घडी घालून खिशात ठेवून एकटाच बाहेर पडला. त्याची पाठ ताठ होती, पण चप्पल मात्र दुसऱ्या कुणाची तरी घालून गेला.

तीन आठवडे त्याने शालनशी संबंध ठेवला नाही. शालनला आधी मजा वाटली, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. नियमाची गंमत करायची होती. पासष्ट वर्षांच्या माणसाचा सरदार काढून घ्यायचा आणि वर त्याच्याकडून सही घ्यायची, हे जरा जास्तच झालं, असं तिने धोंडीबांना बोलूनही दाखवलं.

“माझं दोन गेलं तवा मी पंधरा दिवस जेवलो न्हाय धड,” धोंडीबा म्हणाले. “येतील. आजं नसलं तरी भैन हाय म्हटल्यावर येतील.”

तो आला. फाइल होती, पण काखेत नव्हती, दोन्ही हातांत धरली होती.

“समितीत बोलणं झालं,” तो नजर न उचलता म्हणाला. “एक अपवाद करावा असं सगळ्यांचं मत पडलं. फक्त हिराबाईंचा. मूळ स्त्री म्हणून. मान द्यायचा.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांचं नंतर बघू.”

“दादा, एका बाईच्या नावाने तुम्ही दोनशे पुरुष आत येणार, आणि मग दार लावून घेणार?”

दामाजीने फाइल मांडीवर ठेवली. “तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“नाही. तू मला कन्या एक म्हणालास तेव्हा मला फक्त राग आला होता. बाकीचं आपोआप सापडत गेलं.”

“सह्या घेतल्यास ते आपोआप नव्हतं.”

“नाही. ते मी केलं,” शालन म्हणाली. “त्याबद्दल चूक झाली म्हणते. नियमाबद्दल नाही म्हणणार.”

त्याने मान हलवली. मग फाइल उघडून सातव्या नियमाचं पान काढलं आणि जकातीची पावती फाडावी तसं सवयीच्या एका झटक्यात फाडलं.

याची शिक्षा शालनलाच झाली. मुलींची नावं घ्यायची ठरली म्हणजे दीडशे वर्षांत ठिकठिकाणी दिलेल्या सगळ्या मुली शोधायच्या. वसई, उरण, बेलापूर, वरळी. पत्रं आणि फोन सुरू झाले. एकीला आपलं जन्मसाल छापायचं नव्हतं, दुसरीला बहिणीच्या आधी यायचं होतं, तिसरीने चारशे माणसांची यादी पाठवली ज्यात मांजरही होतं. डोंबिवलीचं मंडळ अख्खं वर्ष तांडेलांच्या मुलींनी भरून गेलं. कलावतीबाई पुराव्याशिवाय एकीलाही आत घेईनात, तेव्हा शालनच त्यांच्याशी भांडायला लागली. चाळीस पानांत मावेल असं वाटलेलं पुस्तक दोनशे सत्तर पानांचं झालं. १९९३च्या दिवाळीनंतर ते छापून आलं. मुखपृष्ठावर पेंटरने होडी वल्हवणारी बाई काढली, आणि तिलाही दामाजीचंच नाक दिलं.

पुस्तक निघाल्यावर महिन्याभराने खडवलीहून पत्र आलं. कुणाकडून तरी एक प्रत तिकडे पोचली होती. ‘नाथा बिन काळू हा आमच्यातला. इकडे बोलण्याजोगं पुष्कळ आहे. एकदा येऊन जावे.’

शालन आणि दामाजी एका रविवारी सकाळी गेले. स्टेशनवर त्यांना घ्यायला सात माणसं आली होती. भातसा नदीच्या काठावर एका अंगणात चटया अंथरल्या होत्या आणि गावातली निम्मी माणसं बसलेली. दामाजीला मधोमध बसवलं, टोपी घातली, नारळ दिला. तो इतका फुलला की सरदार गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर शोधून सापडलं नसतं. त्याने उभं राहून नदीचं, मातीचं आणि वांगी पिकवणाऱ्या आपल्या थोर पूर्वजाचं कौतुक केलं. शालनला वाटलं, आणखी पाच मिनिटं बोलू दिलं तर नाथाच्या वांग्यांना चांदीची मूठ येईल.

भाषण संपल्यावर समोर बसलेली रतनबाई नावाची एक म्हातारी उठली. तिचे दोन थोराड मुलगे तिच्या मागे उभे राहिले.

“नाथाचं लगीन ठरलेलं होतं,” ती म्हणाली. “आमच्या घरच्या पोरीशी. सुपारी फुटली होती. तो बाजाराला म्हणून गेला तो आलाच नाही. पोरगी दोन वर्षं वाट बघत बसली. आमच्या घरात अजून सांगतात. त्याचं कोण विचारायला आलंच तर जाब घ्यायचा, असं ठरलेलं आहे.”

दामाजीने शालनकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा, मदतीसाठी. शालनने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती बाजूला झाली, पण फार लांब नाही.

“त्या पोरीचं नाव काय?” दामाजीने शेवटी विचारलं.

“गंगू.”

दामाजीने डोक्यावरची टोपी काढली. घसा खाकरला. जकात नाक्यावर चाळीस वर्षांत माफीचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसावा. “नाथाच्या वतीने सांगतो,” तो म्हणाला, “चूक झाली. गंगूबाईंची माफी मागतो. सांगून जायला हवं होतं.”

रतनबाईने मुलांकडे बघितलं. एकाने मान हलवली. दुसऱ्याने थोडा वेळ घेतला, मग त्यानेही हलवली.

“चालेल,” रतनबाई म्हणाली. “आता हात धुवा. पानं वाढलीत.”

शालनने पिशवीतून वही काढली आणि जेवायला बसण्याआधी गंगूचं नाव लिहून घेतलं. पुढे काय झालं तिचं, असं तिने विचारलं, तेव्हा रतनबाई तिच्या शेजारच्या पाटावर सरकून बसली आणि सांगायला लागली.